बाबा, सुरमई आणि गेम वॉर्डन: वॉरंटशिवाय कुलर उघडता येतो का?

काठावरचा (धागाकर्ता)

मागच्या शनिवारची गोष्ट. बाबा देवगडहून आले आहेत, तीन महिने मुक्काम. पहिल्या पंधरवड्यातच त्यांना टीव्हीचा आणि माझा कंटाळा आला. गरवणं हा त्यांचा जन्माचा नाद, म्हणून दोन रॉड, खुर्च्या, कुलर गाडीत टाकून तळ्यावर गेलो.

मासे मिळाले चार. तीन ब्लूगिल आणि एक बऱ्यापैकी बास. बाबांच्या मते चारही आजाऱ्याला द्यायचे मासे, पण चेहरा खुलला होता. साडेअकराच्या सुमाराला वरच्या झाडीतून हिरव्या-खाकी कपड्यातला एक माणूस उतरून आला. कमरेला पिस्तूल. गेम वॉर्डन, म्हणजे मासेमारी-शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा सरकारी अधिकारी. काय लागतंय का, हवा छान आहे वगैरे झालं, मग लायसन्स मागितलं. मी फोनवर दाखवलं. मग ‘कुलर बघू का?’ म्हणाला आणि मी शुअर शुअर म्हणेपर्यंत झाकण वर. मासे मोजले, बास पट्टीवर ठेवून पाहिला. सगळं नियमात.

मग त्याची नजर गेली बर्फाशेजारच्या स्टीलच्या डब्यावर. डब्यात सुरमईच्या सहा तळलेल्या तुकड्या, देशी दुकानातली फ्रोझन सुरमई. त्याने झाकण काढलं, वास घेतला, विचारलं, हा कुठला मासा? म्हटलं, किंगफिश. तो म्हणाला, या तळ्यात किंगफिश नसतो. म्हटलं, म्हणूनच विकत आणला.

तो हसला, डबा बंद केला. बाबा इतका वेळ गप्प होते. मला हळूच म्हणाले, “हेच्याकडे वॉरंट आसा काय रे?”

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे. पोलिसाला माझ्या गाडीची डिकी उघडायची तर काहीतरी कारण दाखवावं लागतं. या माणसाला माझ्या जेवणाच्या डब्यापर्यंत हात घालायचा अधिकार आला कुठून? राज्याचं नाव मुद्दाम देत नाही, मिडवेस्ट समजा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच

लपवायला काही नव्हतं ना? मग दाखवायचा कुलर आणि मोकळं व्हायचं. आपल्याकडे नदीत ब्लीचिंग पावडर आणि गावठी बॉम्ब टाकून मासे मारतात, कोणी विचारत नाही. इथे विचारतात म्हणून तळ्यात मासे शिल्लक आहेत. त्यावर धागा काढायचा म्हणजे कमाल आहे.

सुगरण_नाही

अवांतर: तुकड्यांना रवा लावला होता की तांदळाचं पीठ?

न्यूजर्सीचा_नाना

@उगाच, ‘लपवायला काही नाही तर दाखवा’ हा युक्तिवाद घराच्या दारावर पण चालेल का तुम्हाला? उद्या कोणी येऊन म्हणालं फ्रीज दाखवा?

@काठावरचा, तळ्यावर अजून लोक होते का? त्यांचेही कुलर उघडले, की आपला रंग बघून सरळ तुमच्याकडेच आला?

काठावरचा

नाना, खरं सांगायचं तर आमच्या आधी पलीकडच्या दोन गोऱ्या पोरांकडे गेला होता. त्यांची बोटही बघितली. त्यामुळे तसं काही वाटलं नाही. वागायला सभ्य होता, तक्रार त्याच्याबद्दल नाही. प्रश्न अधिकाराचा आहे.

वकिलीणबाई

मी कॅलिफोर्नियात वकिली करते, त्यामुळे आधी नेहमीचं: हा सल्ला नाही, गप्पा आहेत. आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, तुम्ही राज्य सांगत नाही, तर मी तरी काय करू.

पण पहिली गोष्ट. तुम्ही ‘शुअर शुअर’ म्हणालात. तिथेच निम्मा धागा संपला. संमती दिली की वॉरंट लागत नाही. नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहे हे अधिकाऱ्याने सांगायलाच हवं असंही नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच ठरवून टाकलंय. आपल्या लोकांना गणवेश दिसला की तोंडातून आपोआप ‘शुअर’ येतं. माझ्याही वडिलांच्या तोंडून येतं.

आता समजा तुम्ही ‘नको’ म्हणाला असतात. तर मजा सुरू होते.

अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती, १७९१ ची. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येणार नाही, असं तिचं म्हणणं. ‘अवाजवी’ या एका शब्दावर सव्वादोनशे वर्षं पोटं भरताहेत आमची. वॉर्डनच्या बाबतीत कोर्टं साधारण असं म्हणतात: मासेमारी आणि शिकार हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही, परवान्यावर मिळालेली मुभा आहे. वन्यजीव सगळ्या जनतेचे, राज्य त्यांचं राखणदार. तुम्ही आपणहून त्या खेळात उतरलात, किती मासे, किती लांबीचे, कुठल्या महिन्यात हे सगळे नियम मान्य करून लायसन्स घेतलंत. मग पकडलेला मासा ‘दाखव’ म्हटल्यावर दाखवणं हा त्याच सौद्याचा भाग. आमच्याकडच्या फिश अँड गेम कोडच्या कलम २०१२ मध्ये अगदी हेच आहे, मागितल्यावर लायसन्स आणि पकडलेला जीव दाखवायचा. कलम १००६ प्रमाणे मासे किंवा शिकार ठेवलेली असू शकेल अशी बोट, दुकान, कुठलंही भांडं-पेटी तपासता येते. अपवाद दोन, राहतं घर आणि अंगावरचे कपडे.

तुमचा डबा अंगावर नव्हता.

रानडुक्कर

वाचतोय. टेक्सासातून हजेरी. इथे मी रानडुकरांच्या मागे असतो (आयडी त्यावरूनच, वजनावरून नाही). २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला लायसन्ससुद्धा लागत नाही, इतकी ती माजली आहेत. पण कबुतरांचा सीझन लागला की बघा वॉर्डनांची लगबग. पारव्यासारखे डव्ह असतात, दिवसाला १५ ची मर्यादा. शेताच्या कडेला आम्ही बसलेलो असतो, वॉर्डन येतो, लायसन्स बघतो, पिशवीतले पक्षी मोजतो आणि मग बंदूक हातात घेऊन काडतुसं भरून बघतो. स्थलांतरित पक्ष्यांसाठी शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, आत दांडकं बसवावं लागतं, हा देशभराचा नियम. एका मित्राने बंदूक साफ करताना ते दांडकं काढलं आणि घरीच विसरला. दंड भरला.

आणि इथली गंमत म्हणजे टेक्सासात जमीन जवळपास सगळी खाजगी. कुंपणावर ‘आत याल तर गोळी घालू’ छापाच्या पाट्या. पण पार्क्स अँड वाइल्डलाइफ कोडचं कलम १२.१०३ सरळ सांगतं की वन्य प्राणी किंवा मासे जिथे वावरतात अशा कुठल्याही जमिनीवर, पाण्यावर अधिकारी जाऊ शकतो आणि त्याला अडवण्यासाठी दावाही लावता येणार नाही. आता मला सांगा, टेक्सासात असा कुठला तुकडा आहे जिथे एखादं हरीण वावरत नाही?

तळलेल्या मासळीबद्दल: त्याने डबा का बघितला ते मला कळलं. पाण्यावर असताना माशाचे सोलून तुकडे करायला बऱ्याच राज्यांत मनाई असते. तुकडे केले की लांबी मोजता येत नाही, कातडं काढलं की जात ओळखता येत नाही. बदकांचंही तसंच, घरी नेईपर्यंत डोकं नाहीतर एक पंख पिसांसकट ठेवावा लागतो. तुमच्या सहा तुकड्या त्याच्या डोळ्यांना ‘मर्यादेपेक्षा जास्तीचा बास कापून लपवलाय’ अशा दिसल्या असणार.

सुगरण_नाही

कापून, हळद-तिखट लावून, तळून, स्टीलच्या डब्यात भरून लपवला. तळ्याच्या काठी. काय गुन्हेगार आहेत हो तुम्ही.

उगाच

रानडुक्कर यांनी मुद्दा बरोबर पकडला. गुन्ह्याचा पुरावाच खाऊन टाकता येतो, मग वॉरंट आणेपर्यंत काय राहणार? काटे?

थंडगार

मिनेसोटा. इथे यांना गेम वॉर्डन नाही, कॉन्झर्व्हेशन ऑफिसर म्हणतात. बाकी काम तेच.

वकिलीणबाईंनी ‘राहतं घर’ म्हटलं त्यावरून आठवलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जानेवारीत इथली तळी अशी गोठतात की त्यावर पिकअप ट्रक चालतात. लोक बर्फावर खोपट नेऊन ठेवतात, फिश हाउस. आत जमिनीला, म्हणजे बर्फाला, भोक पाडून गळ सोडायचा. काहींच्या खोपटात नुसती बादली आणि स्टूल. काहींच्या खोपटात शेगडी, बंक, टीव्ही, आणि पत्ते कुटायला टेबल. पुण्यातल्या वन आरकेपेक्षा बरी असतात. लोक रात्र रात्र राहतात.

तर अशा एका खोपटात ऑफिसर न विचारता शिरला. संशय असा काही नव्हता, नेहमीची तपासणी. त्याचं म्हणणं, हे मासेमारीचं ठिकाण आहे, माझा हक्क आहे. २००२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही. माणूस तिथे झोपतो, खातो, दार लावून घेतो, म्हणजे खाजगीपणाची अपेक्षा रास्त आहे. कारण नसताना आत शिरायचं नाही.

पण पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्याच कोर्टात बोटीचं प्रकरण आलं. मासे पकडून परतणाऱ्या एका गृहस्थांनी मासे दाखवायला नकार दिला. गृहस्थ स्वतः वकील. तिथे कोर्टाने उलट सांगितलं: मासेमारी केलीत हे उघड आहे, तर उघड्या बोटीत जिथे सहसा मासे ठेवतात तेवढी जागा दाखवावी लागेल. शिक्षा कायम.

म्हणजे मिनेसोटात पाणी पातळ असेल तर झडती, घट्ट असेल तर वॉरंट. :)

काठावरचा

थंडगार, हे झकास. मग कुलर बोटीसारखा की खोपटासारखा?

थंडगार

कुलर म्हणजे जिथे मासे ठेवतात ती जागा, झालं की. त्यात तुम्ही झोपत नाही.

न्यूजर्सीचा_नाना

बरं, आणि आरव्ही (आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी)? आम्ही दर उन्हाळ्यात भाड्याने घेतो. तिला चाकंही आहेत आणि आत बायकोने मांडलेला देवही आहे.

वकिलीणबाई

नाना, आरव्हीवर १९८५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रकरण आमच्या सॅन डिएगोचंच. डाउनटाउनच्या पार्किंगमध्ये उभी असलेली आरव्ही. कोर्ट म्हणालं, गाडी. किल्ली फिरवली की निघून जाऊ शकते, शिवाय वाहनांवर मुळातच नियमांचं जाळं आहे. त्यामुळे सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. कॅम्पसाइटवर ठोकळे लावून, पाण्या-विजेची जोडणी करून महिनाभर टाकलेली आरव्ही असेल तर काय, हा प्रश्न कोर्टाने तेव्हा सोडून दिला. देव त्यांच्यासमोर आला नव्हता.

आता तुम्हाला सॅन डिएगोचंच दुसरं प्रकरण सांगते, कारण या विषयाचा गाभा त्यात आहे. ऑगस्ट २००७, ओशन बीचचा मासेमारीचा धक्का, रात्रीची वेळ. वॉर्डन दुर्बीण लावून लांबून बघतोय. एक माणूस हातातल्या दोरीने काहीतरी वर काढतो, काळ्या पिशवीत टाकतो. मासा की लॉबस्टर ते लांबून दिसलं नाही. लॉबस्टरचा सीझन तेव्हा बंद होता. माणूस गाडीत बसून निघाला. वॉर्डनने तीन चौक पुढे गाडी अडवली. विचारलं, काही पकडलंयस का? तो नाही म्हणाला. वॉर्डनने गाडी तपासली, मागच्या सीटखाली काळी पिशवी, पिशवीत लॉबस्टर.

खालच्या कोर्टांत उलटसुलट निकाल झाले. प्रश्न असा होता: पोलिसाला नुसतं लायसन्स बघायचं म्हणून रस्त्यावरची कुठलीही गाडी अडवता येत नाही, असं १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. वॉर्डनला येते का? २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, येते, पण एका अटीवर. या माणसाने गुन्हा केलाय असा संशय लागत नाही, पण हा माणूस आत्ताच मासेमारी करून आलाय असं मानायला कारण हवं. येणाजाणारी कुठलीही गाडी नाही, मासेमारी करून आलेल्याचीच गाडी.

आणि झडती? तिला वेगळं कारण मिळालं. वॉर्डनने स्वतःच्या डोळ्यांनी पिशवीत काहीतरी जाताना पाहिलं होतं आणि हा तोंडावर नाही म्हणाला. ते खोटंच झडतीचं सबळ कारण ठरलं. गप्प राहिला असता तर निकाल कसा गेला असता, यावर आम्ही वकील मंडळी अजून वाद घालतो. देशाच्या सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला घेतलं नाही, त्यामुळे बाकी राज्यांत आपापलं चालू आहे.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर निकाल बरोबर, पण पातळ बर्फावरचा. थांबवायला संशय नको आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की झडती, असं म्हटलं की साधा माणूस भीतीनेच खोटं बोलतो. आणि खोटं बोलला की सापडला.

गवताळ

टेनेसीत राहतो, एरवी फक्त वाचतो, पण इथे लिहायलाच हवं. तुम्ही सगळे कुलरवर अडलात. आमच्याकडे वॉर्डनांनी लोकांच्या जमिनीत शिरून झाडांना कॅमेरे लावले होते. बेंटन काउंटीतल्या दोन जमीनमालकांची केस. शेत त्यांचं, पाट्या लावलेल्या, आणि कॅमेरा सरकारी. राज्याच्या कायद्यातच लिहिलेलं होतं की इमारती सोडून कुठल्याही जमिनीवर, पाटी असो नसो, अधिकारी जाऊ शकतो. २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने मालकांच्या बाजूने निकाल दिला, २०२४ मध्ये अपील कोर्टानेही. अपील कोर्टाने त्या शिरकावाची तुलना इंग्रजांच्या काळात बॉस्टनमध्ये मनाला येईल तिथे शिरणाऱ्या जकात अधिकाऱ्यांशी केली. अमेरिकेत याहून मोठी शिवी नाही.

रानडुक्कर

पण ‘मोकळ्या शेताचा’ सिद्धांत आहे ना? म्हणूनच तर आमच्याकडे चालतं. टेनेसीत कसं नाही चाललं?

वकिलीणबाई

कारण शब्द. रानडुक्कर म्हणतात तो सिद्धांत १९२४ चा, दारूबंदीच्या काळातला. साउथ कॅरोलिनात अबकारी अधिकारी शेतात लपून बसले आणि हातभट्टीवाला बरणीसकट सापडला. न्यायमूर्ती होम्स म्हणाले, घटना ‘घर’ म्हणते, शेत म्हणत नाही. १९८४ मध्ये केंटकीतल्या गांजाच्या शेताच्या प्रकरणात सहा विरुद्ध तीन असा तो पुन्हा पक्का झाला. फाटकाला कुलूप होतं, पाटी होती, तरी मोकळं शेत ते मोकळंच. घराभोवतीचं अंगण मात्र घरात धरतात.

पण हा देशाच्या घटनेचा अर्थ झाला. राज्याची स्वतःची घटना असते आणि ती नागरिकाला जास्त संरक्षण देऊ शकते. टेनेसीच्या घटनेत ‘चीजवस्तू’च्या जागी ‘मालकीची मालमत्ता’ अशा अर्थाचा शब्द आहे, पझेशन्स. त्यात वापरातली जमीन बसते. एका शब्दाने कॅमेरे उतरले. व्हर्मॉन्ट, न्यूयॉर्क, मॉन्टाना, ओरेगन इथेही राज्याच्या कोर्टांनी आपापल्या पद्धतीने मोकळ्या शेताला कुंपण घातलंय. याउलट पेन्सिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये अस्वलाच्या शिकारीच्या प्रकरणात जुनाच सिद्धांत ठेवला.

नागझिरा_प्रेमी

भारतातलं कोणी लिहीत नाहीये म्हणून मी. गोंदियाकडे जंगलात स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षं काम केलंय. आपल्याकडे शिकार बंदच, त्यामुळे लायसन्सवाला सौदा हा प्रकारच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ५०. वनाधिकारी किंवा फौजदाराच्या खालच्या दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय गाडी थांबवू शकतो, आवारात शिरू शकतो, सामान उघडू शकतो. घर वगळलेलं नाही, लक्षात घ्या. पण अट आहे: या माणसाने या कायद्याखाली गुन्हा केलाय असं मानायला वाजवी कारण हवं. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बरोबर उलट. तिकडे कारण कमी लागतं पण घर सुटतं, इकडे कारण लागतं पण घर सुटत नाही.

प्रत्यक्षात? नाक्यावर एसटीतल्या आदिवासी बाईची पाटी उपसून बघतात, मागच्या काळ्या काचांच्या गाडीला सलाम. कायद्यात ‘वाजवी कारण’ लिहिलेलं असतं, नाक्यावर ते कोण तपासणार? नानांनी वर रंगाचा प्रश्न विचारला तो मला अजिबात अवांतर वाटला नाही. १९७९ च्या निकालात पण मूळ भीती तीच असणार ना, की कोणाला थांबवायचं हे एका माणसाच्या मर्जीवर?

वकिलीणबाई

अगदी तीच.

खाडीपलीकडे

मालवणवरून लिहितंय. आमची यांत्रिक होडी आसा. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा होडी वर काढून ठेवतो. एरवी समुद्रात गस्ती नौका येता, परवाना अधिकारी होडीर चढतत, कागद बघतत, जाळ्याचो आस, म्हणजे भोकां केवढी ती, बघतत. १९८१ चो सागरी मासेमारी कायदो, त्यात त्यांका तो अधिकार आसा. आमच्याकडे कोण वॉरंट मागूक जात नाय. आम्हीच उलट बोंब मारतो की या आणि बघा! रातचे एलईडी लावून पर्ससीनवाले (मोठ्या घेराच्या जाळ्यावाले) मासळी ओढून नेतत, तेव्हा गस्ती नौकेक डिझेल नसता.

म्हणून देवगडच्या बाबांका वॉरंट सुचला ह्याचा माका नवल वाटला. कोकणातलो माणूस मासळीवाल्या अधिकाऱ्याक असो प्रश्न इचारणा नाय, जोपर्यंत काय तरी भानगड नसता. काठावरच्या भावा, खरा सांग. तू लिवलंस ‘दोन रॉड’. लायसन्स मात्र ‘मी फोनवर दाखवलं’. बाबांचा लायसन्स खंय?

थंडगार

अरेच्चा.

रानडुक्कर

पॉपकॉर्न घेऊन बसतो.

उगाच

मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, लपवायला काही नव्हतं ना.

न्यूजर्सीचा_नाना

धागाकर्ते ऑनलाइन दिसतायत पण लिहीत नाहीयेत.

काठावरचा

लिहितोय, लिहितोय. ऑफिसची मीटिंग होती.

खाडीपलीकडे, मानलं. बाबांचं लायसन्स नव्हतं. मला वाटलं होतं पासष्टीच्या वरच्यांना लागत नाही. लागत नाही हे खरं, पण ते त्या राज्यातल्या रहिवाशांना. पाहुण्याला लागतं. हे मला वॉर्डननेच सांगितलं. मी मूळ धाग्यात ते लिहिलं नाही कारण मला चर्चा कुलरवर व्हायला हवी होती. (आणि बायको हा धागा वाचते.)

झालं असं की मी चहा ओतत होतो, बाबांच्या हातात रॉड होता आणि बास त्यांनीच काढला. वॉर्डन म्हणाला, वरून अर्धा तास बघतोय, मोठा मासा यांनी काढला, लायसन्स एकच दिसतंय. म्हणजे कुलर उघडायच्या आधीच त्याला सगळं माहीत होतं. दंड केला नाही, तोंडी समज दिली आणि म्हणाला, एका दिवसाचं फोनवर मिळतं, आत्ता काढा. तिथेच उभं राहून काढलं. फॉर्ममध्ये उंची, वजन, डोळ्यांचा रंग. बाबा म्हणाले, मासे पकडूक डोळ्यांचो रंग कित्याक?

वकिलीणबाई

हे आधी सांगितलं असतंत तर माझी एक संध्याकाळ वाचली असती!

आता चित्र पूर्ण बदललं. त्याने झाडीत उभं राहून बघितलं, ती सार्वजनिक जागा, तिथे कोणीही उभं राहून बघू शकतं. विनालायसन्स मासेमारी डोळ्यांनी दिसली, म्हणजे संशय नाही, गुन्हाच दिसला. मग थांबवणं, विचारणं, मासे बघणं यात वादाला जागाच नाही, कुठल्याही राज्यात. बाबांच्या वॉरंटच्या प्रश्नाचं उत्तर ‘लागत नाही बाबा, तुम्हीच वॉरंट आहात’.

डब्याबद्दल मात्र मी अजूनही थोडी अडखळते. बर्फाशेजारी, कुलरच्या आत, तर मासे ठेवायची जागा म्हणून चालेल. तोच डबा खुर्चीवरच्या पिशवीत, औषधं आणि पासपोर्टच्या शेजारी असता तर मी भांडले असते. फुकटात.

नागझिरा_प्रेमी

माझा एक प्रश्न राहिलाच. त्याने अर्धा तास लपून बघितलं आणि तरी आधी त्या गोऱ्या पोरांची बोट तपासली, हे मला आवडलं. सगळ्यांना सारखं. पण तो तसा होता म्हणून. नियमात तसं काही बांधलेलं आहे का?

थंडगार

नियमात नाही. काही राज्यांत सीझनच्या सुरुवातीला रस्त्यावर नाका लावतात, येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, शिकार केली का विचारायचं. त्यात मर्जीचा प्रश्न उरत नाही, म्हणून कोर्टांना ते मान्य करणं सोपं जातं. तळ्यावर एकटा वॉर्डन, त्याच्या भागात शंभर तळी. तो कोणाकडे आधी जाणार हे तोच ठरवणार.

उगाच

चला, उगाच म्हणता म्हणता बरंच शिकलो. मुख्य म्हणजे डबा वेगळ्या पिशवीत ठेवायचा.

खाडीपलीकडे

बाबांका सांगा, देवगडाक इल्यावर भेटूया. एका दिवसाचा लायसन्स फ्रेम करून आणा म्हणावं.

काठावरचा

प्रिंट काढून घेतलीच आहे त्यांनी. पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवलीय. पुढच्या शनिवारी परत जायचंय, या वेळी तीन दिवसांचं काढलंय.

सुगरण_नाही

सगळ्यांची उत्तरं मिळाली, माझं राहिलंच. रवा की तांदळाचं पीठ?

काठावरचा

रवा. बाबांची वॉर्डनबद्दल काही तक्रार नाही, रव्याबद्दल आहे.